n च्या जागी

"यंदा रोज सकाळी फोन नाही, आठवण करून देणं नाही. एक सूत्र, नऊ दिवस!" कॉन्रॅड सरांनी जाहीर केलं.

सांडोर गावात क्रुसापाशी सणाआधी नऊ संध्याकाळी नोव्हेना होतो आणि प्रार्थना संपली की प्रत्येकाच्या हातावर केळं पडतं. केळ्यांचं काम आजवर लुसीबाईंकडे होतं. यंदा सरांनी ते हट्टाने मागून घेतलं. एकतीस वर्षं गणित शिकवलेला माणूस! फजिती झाली तर गाव जन्मभर हसणार होतं. मागच्या वर्षी रोज माणसं किती वाढली ते बघून त्यांनी बागवाल्या अँथनीला मेसेज धाडला: n व्या दिवशी 4n + 2 फण्या.

"त्याला कळेल?" बायकोने, मार्गारेटने, विचारलं.

"माझा विद्यार्थी आहे तो!"

पहिल्या दिवशी सहा फण्या यायच्या, आल्या त्रेचाळीस! गुरूसाठी पोराने हात सैल सोडला, असं समजून सरांनी सगळ्यांसमोर त्याचे आभार मानले. अँथनी गोंधळून हसला. दुसऱ्या दिवशी दहाऐवजी चव्वेचाळीस! मार्गारेटने उरलेल्या केळ्यांची भजी केली, शिरा केला, वाटला. शेवटी ती दिसली की शेजारी दार लावून घेऊ लागले.

तिसऱ्या दिवशी पंचेचाळीस फण्या उतरवून अँथनी हात जोडून उभा राहिला. "सर, माझी बाग संपली. उद्याच्या शेहेचाळीस मेव्हण्याकडून आणतो. पण एवढी केळी खातं कोण?"

सर ओरडले, "उद्या चौथा दिवस. चार चोक सोळा नि दोन अठरा! शेहेचाळीस कुठून आणलेस?"

"तुम्ही शिकवलं तसंच केलं. n च्या जागी किंमत ठेवायची."

"मग?"

"ठेवली की! चाराशेजारी n होता, तिथे चार ठेवला. चव्वेचाळीस. अधिक दोन, शेहेचाळीस."

"अरे, आणि मधला गुणाकार?"

"गुणाकाराची खूण कुठे होती, सर?"

सरांनी मेसेज उघडून पाहिला. खरंच नव्हती. एकतीस वर्षांत त्यांनी ती फळ्यावरही कधी काढली नव्हती. त्यांनी कागद घेतला आणि आकडे एकाखाली एक लिहिले: अठरा, बावीस, सव्वीस, तीस, चौतीस, अडतीस.

अँथनीचा चेहरा खुलला. "हे पहिल्याच दिवशी द्यायचं ना, सर!"

तो गेल्यावर मार्गारेट म्हणाली, "अहो, याला नववीच्या गणितात पास कोणी केलं होतं?"

सरांनी आणखी एक केळं सोललं.