नानांना महेश्वर आवडलं नाही

समोर कुणी साक्षात स्वर्ग आणून मांडला, तरी आमचे दत्तूनाना आधी डोळे बारीक करतील, मग टोपी काढून डोकं खाजवतील आणि आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतील, “यात बघन्यासारखं काय हाय?”

दत्तूनाना कर्जतजवळच्या कडावला आमच्या शेजारी राहतात. भाताची चार खाचरं, तीन म्हशी आणि लाथ मारल्याशिवाय चालू न होणारी एक मोटारसायकल, एवढा त्यांचा संसार. मी गावच्या शाळेतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण गाव मला अजून ‘बाई’च म्हणतं. नानाही म्हणतात. माझ्या शिक्षणाबद्दल त्यांना फार आदर आहे. म्हणजे मी काही सांगायला लागले की ते मान डोलावतात आणि ऐकत नाहीत.

कापणी-झोडणी आटोपली की गावच्या भजनी मंडळाची सहल निघते. सहलीची नुसती कुणकुण लागली की पहिलं नाव नानांचं. बस पहाटे पाचची असेल तर नाना साडेतीनला नाक्यावर हजर. ड्रायव्हरच्या मागची खिडकी त्यांची, तिथे देवसुद्धा बसू शकत नाही. त्या खिडकीतून डोळ्याची पापणी न लववता ते बाहेर बघत राहतात. पण गाडी मुक्कामी पोचली, की उतरल्या पायी नावं ठेवायला सुरुवात.

अजिंठ्याला आम्ही सगळे माना वर करून चित्रं बघतोय, तर नाना म्हणाले, “लेनी तर आपल्या कोंडाण्याला बी हायत. बघून दुपारच्या जेवनाला घरी येता येतं.” विजापूरच्या गोलघुमटात एक हाक सात वेळा ऐकू येते, हे सांगताना तिथला माणूस अगदी रंगात आला होता. नाना त्याला म्हणाले, “आमची म्हस एका हाकेत येते.” गणपतीपुळ्याच्या समुद्राबद्दल त्यांचं म्हणणं एवढंच, की एवढं पाणी आणि घोटभर पिता येत नाही. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात ना, तसं नानांच्या लेखी कडावबाहेरचं सगळंच अळणी.

त्यांची बायको, सुमनकाकी, कधीच सहलीला येत नाहीत. त्यांना गाडी लागते. गावाला एवढंच माहीत होतं, आणि मलाही.

गेल्या वर्षी आमची सहल महेश्वरला गेली. नर्मदेच्या काठावरचं जुनं राजधानीचं शहर. वर किल्ला, किल्ल्याच्या पायाशी लांबच लांब दगडी घाट आणि घाटाच्या पायऱ्या उतरत उतरत थेट नदीत गेलेल्या. मी आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला, तो खडूने. इथे तो हाताला लागत होता. मला गहिवरून आलं होतं आणि नेमके नाना माझ्या शेजारी उभे होते.

वाटाड्या सांगत होता, “रानीसाहिबा इसी झरोखे से नदी के दर्शन करती थीं.”

“खिडकी लहान हाय,” नाना म्हणाले.

नदीच्या मधोमध एक देऊळ आहे. तिथे होडीने जावं लागतं. नाना होडीत बसले, उतरले, देवाला हात जोडले आणि परत येताना म्हणाले, “देवळाला जायाला होडी लागते म्हनजे देऊळ चुकीच्या जागी बांधलंय.” हातमागावर साड्या विणतात तिथे विणकराने दाखवलं, की साडीच्या काठावरची नक्षी किल्ल्याच्या दगडावरून घेतलेली आहे आणि ही नागमोडी रेघ म्हणजे नर्मदेच्या लाटा. आम्ही बायका हरखून गेलो. “नदी नेसून करायचं काय?” मागून आवाज आला.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “नाना, इतकं सगळं वाईट असतं तर तुम्ही येता कशाला?”

“घरी बसून तरी काय करू?” असं म्हणून ते पुढच्या गोष्टीला नावं ठेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी सूर्योदय बघायला एकटीच घाटावर गेले. बाकीचे सगळे अंघोळी आणि पोहे-जिलबीच्या मागे होते. नदीवर धुकं होतं, बायका दिवे सोडत होत्या, पाणी हळूहळू तांबूस होत होतं. मी मोबाइल काढला आणि व्हिडिओ घ्यायला लागले. घेता घेता खालच्या पायरीवर एक टोपी दिसली. पायजमा गुडघ्यापर्यंत वर, पाय पाण्यात, शेजारी एक नावाडी बिडी ओढत बसलेला. आणि टोपी बोलत होती.

“भय्या, तुमारा नदी एक नंबर हाय. मय इतना गाव फिर्‍या, पन ऐसा नदी कहीं नय देख्या.”

नावाडी हसला.

“हमारा मंडळी कू दिखाने का था,” टोपी म्हणाली. “मय अकेला देखता, तो आधाच दिखता.”

“तो ले आइए, दादा.”

“कैसा लायगा? वो कुंभिवली के आगे नय आती.”

नावाड्याला आमच्या कर्जतजवळची कुंभिवली कुठून माहीत असणार? त्याने आपली मान हलवली. मी दोन पायऱ्या उतरले तेव्हा नानांनी मागे वळून पाहिलं. कॉपी करताना धरलेल्या मुलाचा चेहरा मी पस्तीस वर्षं पाहिलाय. तोच चेहरा.

“बाई,” ते म्हणाले, “घरी बोलू नका.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. लग्न झाल्या झाल्या दोघं जेजुरीला निघाले होते, एसटीने. कर्जत जाईपर्यंत काकींना दोनदा उलटी. आलं चघळून झालं, लिंबू हुंगून झालं, कुणीतरी सांगितलं म्हणून बुडाखाली वर्तमानपत्र घालून झालं. कुंभिवलीला काकी हमरस्त्याच्या कडेला आडव्या झाल्या त्या उठेनात. जेजुरी राहिली. दोघं चालत, मधे थोडं बैलगाडीने, दिवेलागणीला घरी आले. त्यानंतर औषधं, गोळ्या, अंगारे, सगळं झालं. रेल्वेत तेच, टेंपोत तेच. काकींचं जग कुंभिवलीला संपलं ते संपलंच.

“मग मी बी जायाचं सोडलं,” नाना म्हणाले. “तर तिला ते चालंना. मला पयल्यापास्नं फिरन्याचा नाद, तिला ठाव होतं. माझ्यापायी तुमी बसून राहू नका म्हनाली. दोन दिवस जेवली नाय. मग गेलो आग्र्याला. आनि आलो तो येड्यासारखा सांगत सुटलो, असं हाय नि तसं हाय. ती म्हशीखाली बसून ऐकत होती. हसत होती. मग म्हनाली, ‘या जलमात आपल्या नशिबात नाय बघा.’ एवढंच. तवापास्नं ठरवलं, आपन जाऊ तिथं काय नसतंच.”

“मग सगळ्यांसमोर एवढ्या मोठ्याने कशाला?”

“बसमधल्या बाया गिरनीवर जातात नव्हं? मला काय आवडलं नाय, हे तिच्या कानावर चार ठिकानांहून जायला पायजे.”

माझ्याकडे बघून ते थांबले. “तुमचे ते फोटो तिला दाखवू नका, बाई. आनि इचारलं तर काय नव्हतं म्हना.”

“नाना, मी जन्मभर मुलांना खरं बोला असं शिकवलंय.”

“पोरान्ला शिकवलंत ना,” नाना म्हणाले. “मी कुठं पोर हाय?”

मी कबूल झाले. पण मला खोटं बोलता येत नाही आणि काकी माणसाच्या तोंडाकडे बघून बोलतात.

आम्ही परत आलो. नाना घरात शिरले आणि अंगणातूनच त्यांचा आवाज ऐकू यायला लागला. “दगड, दुसरं काय? दगड काय आपल्या शेतात कमी हायत?” दुसऱ्या दिवशी पायऱ्या फार होत्या. तिसऱ्या दिवशी नदीला पाणी जास्त होतं. चौथ्या दिवशी लोक सकाळी उठून जिलबी खातात, ही माणसाची रीत आहे काय? या माणसाने तिथे दोन बशा संपवल्या होत्या, मी स्वतः पाहिलंय.

पाचव्या दिवशी मी दूध आणायला गेले. नाना कर्जतला दूध घालायला गेले होते. काकी गोठ्यात होत्या. माझी किटली हातात घेत म्हणाल्या, “बाई, फोटो दाखवा.”

“फोन पाण्यात पडला, काकी. सगळे फोटो गेले,” मी म्हणाले. फोन माझ्या हातात होता.

काकींनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. “एवढी शाळा शिकवलीत, पन तुमाला खोटं काय जमत नाय.”

मी फोन पदराआड धरला.

“मला ठाव हाय ओ,” त्या म्हणाल्या. “गनपतीपुळ्याचं एका दिसात उरकलं होतं. विजापूरला दोन दिवस लागले. या खेपेला पाच दिवस झाले, अजून नावं ठेवतायत. म्हनजे जागा लयच चांगली असनार.”

मला हसू आवरेना. शब्द दिलेला होता, पण ज्याच्यासाठी दिला ते काही उरलंच नव्हतं. काकींनी पदराला हात पुसले, उकिडव्या बसल्या आणि मी एकेक फोटो दाखवत गेले. किल्ला, झरोखे, मधलं देऊळ, माग. प्रत्येक फोटोवर त्या थांबत होत्या. शेवटी सूर्योदयाचा व्हिडिओ आला. त्यात नाना आहेत हे माझ्या ध्यानातच नव्हतं. आठवलं तोवर टोपी बोलायला लागली होती.

काकी ऐकत राहिल्या. एक नंबर नदी झाली, आधाच दिखता झालं, कुंभिवली झाली. व्हिडिओ संपला तरी त्यांनी डोळे उचलले नाहीत. मागे रेडकू दावं ओढत होतं, तिकडेही लक्ष नाही.

“ह्यांना हिंदी कवापास्नं यायला लागलं?” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “पुन्ना लावा.”

मी पुन्हा लावला. तिसऱ्यांदा चालू असताना बाहेर मोटारसायकल फटफटली. काकींनी फोन माझ्या हातात कोंबला आणि म्हशीच्या कासेला हात घातला. नाना आत आले आणि मला तिथे बघून त्यांचा चेहरा उतरला.

“काय चाल्लंय?” त्यांनी विचारलं.

“काय नाय,” काकी मान वर न करता म्हणाल्या. “बाईंना इचारत होते. त्या बी म्हनतात, तिथं काय नव्हतं. उगाच गेलात.”

नानांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, तेवढी कृतज्ञता मला निवृत्तीच्या सत्काराच्या दिवशीसुद्धा कुणी दाखवली नव्हती. “मी काय सांगत होतो?” ते म्हणाले, आणि नव्या जोमाने घाटाच्या निसरड्या शेवाळावर सुरू झाले. काकी “व्हय का?” “अगं बाई” करत ऐकत होत्या. मी दूध घेऊन निघाले. या दोघांचा मला त्या दिवशी हेवा वाटला, हे लपवून काय उपयोग?

हल्ली काकी माझ्याकडे विरजण मागायला येतात. घरी तीन म्हशी आणि रोजचं दही असलेली बाई माझ्याकडे, पिशवीच्या दह्यावर भागवणाऱ्या माणसाकडे, वाटी घेऊन येते. मीही काही विचारत नाही. वाटी ओट्यावर ठेवते आणि व्हिडिओ लावते. परवा तो संपल्यावर त्यांनी विचारलं,

“त्या पायरीवर बसलं की पानी हाताला लागतं काय ओ बाई?”

“लागतं,” मी म्हणाले.

“गार असतं?”

“सकाळी चांगलं गार असतं.”

काकींनी तळहात पदराला पुसला, विरजणाची वाटी उचलली आणि नाना कर्जतहून यायच्या आत घरी गेल्या.