डॉक्टर चांगला की वाईट?

देवराम कारकुनानं एका संध्याकाळी ठरवलं, की आजपासून पुस्तक मोठ्यानं वाचायचं. बस्स, एवढंच. यात कुणाचं काय बिघडणार होतं? पण ग्रह फिरले की माणसाला पुस्तकसुद्धा चावतं.

जव्हार संस्थान विलीन झालं, दरबारची कचेरी मोडली आणि तिथल्या कारकुनांना सरकारनं जिकडेतिकडे पांगवलं. देवरामच्या वाट्याला मोखाडा आलं. बायको, कमू, साखरशेतला सासूजवळ राहिली. "तिकडे पाण्याचे हाल आहेत, तुला करमणार नाही," असं देवरामनंच तिला सांगितलं होतं. त्यावर तिनं "तरी मी येते" म्हणावं, अशी त्याची फार इच्छा होती. (ती इच्छा त्यानं इतकी पोटात ठेवली, की कमूला तिचा पत्ताच लागला नाही.) कमू "बरं" म्हणाली आणि नाचणी निवडायला बसली.

कचेरी सुटली की देवरामला बोलायला माणूस नसे. कुडाची खोली, एक खाट, एक कंदील. अशात कचेरीतल्या लक्ष्या शिपायानं त्याला एक पुस्तक आणून दिलं. डाक बंगल्यात उतरलेला कुणी साहेब ते विसरून गेला होता. कव्हर नव्हतं, त्यामुळे नावही नव्हतं. आत मात्र एक मनाचा डॉक्टर होता. तो लोकांची डोकी ताळ्यावर आणायचा आणि घरी आल्यावर स्वतः बायकोच्या रिकाम्या खुर्चीशी गप्पा मारायचा. शहरात एक खून झाला होता आणि तो आपणच केला की काय, असा त्याला संशय होता.

देवरामला तो डॉक्टर सख्ख्या भावासारखा वाटला. खोलीत माणसाचा आवाज घुमावा, मग तो आपला का असेना, म्हणून तो मोठ्यानं वाचू लागला:

"तिला मीच मारलं! याच हातांनी! आणि लोकांना सांगतो, ती परगावी आहे म्हणून!"

(शाळेच्या नाटकात देवरामला एकदा भालदाराचं काम मिळालं होतं. तेव्हापासून गळ्यात अडकलेली सगळी कला त्या वाक्यात बाहेर पडली.)

कुडापलीकडे घरमालकीण गोजाबाई भाकरी थापत होती. तिचा हात जागच्या जागी थांबला. कारकुनाची बायको कधी येत का नाही, याचा तिला उलगडा झाला.

दुसऱ्या दिवसापासून गोजाबाईकडून रोज येणारं ताक बंद झालं. लक्ष्या हात लांब करून, टेबलापासून दूर उभा राहून कागद ठेवू लागला. देवराम दिसला की बाया पोरांना घरात ओढून घेत. आधीच एकटा, त्यात हे! आपल्या अंगाला वास येतो की काय, असं वाटून तो दिवसातून दोनदा अंघोळ करू लागला. मोखाड्यात, भर उन्हाळ्यात, दोनदा!

"बघा," गोजाबाई म्हणाली, "धुतो हाय, धुतो हाय, पण डाग जाया नाय!"

शेवटी तिनं साखरशेतला निरोप धाडला: देवराम कारकुनाची बायको जिवंत असंल तर तिनं लगोलग मोखाड्याला यावं.

असा निरोप आल्यावर कोणती बाई घरी बसेल? दुसऱ्या दिवशी दुपारी कमू दारात उभी. गोजाबाईनं आधी तिचे पाय बघितले. सरळ होते.

"बाई, तू जिवंत हायस?"

"घरून निघाले तेव्हा होते. मोटारीत जरा अर्धमेली झाले."

"मग यानं मारली कुणाला?"

"यांनी? यांच्या हातून झुरळ मरत नाही हो!"

गोजाबाईनं कुडापलीकडून ऐकलेलं सांगितलं आणि कचेरीतून आलेल्या देवरामनं पुस्तक पुढे केलं, तेव्हा उलगडा झाला. गोजाबाई खजील झाली नाहीच. उलट म्हणाली, "मग आमाला बी वाच."

त्या संध्याकाळपासून ओटीवर माणसं जमू लागली आणि पहिल्याच बैठकीत भांडणं लागली.

"दुसऱ्याचं डोकं बरं करतो, मग सोताचं?" लक्ष्या म्हणाला. "आपला भगत बरा. आधी सोता उपास धरतो."

दवाखान्यातला कंपाउंडर चिडलाच. "इतक्या पानांत एक इंजेक्शन नाही! नुसतं रोग्याजवळ बसून बोलायचं? याला डॉक्टर नाही, शेजारी म्हणतात."

गुरुजींच्या मते नायक निष्कलंक असायला हवा होता. (हे पुस्तक वाईटच आहे याची खात्री करून घ्यायला त्यांनी ते एका रविवारी घरी नेलं आणि अख्खं वाचलं.)

"मानूस वाईट नाय," गोजाबाई हळूच म्हणाली. "घरात बोलाया कुनी नाय, म्हनून खुर्चीशी बोलतो."

 देवरामनं कंदिलाची वात उगाचच वर केली.

"मला नाही आवडला," कमू म्हणाली. ती चौथी शिकलेली होती. "सगळ्या जगाचं मन ओळखतो आणि आपल्या मनातलं बायकोला कधी सांगितलं नाही. असला शहाणपणा काय कामाचा?" बोलताना ती डॉक्टरकडे नाही, देवरामकडे बघत होती. देवरामनं तोंड पुस्तकात खुपसलं.

"पुस्तक संपलं की जाते मी," ती झोपताना म्हणाली.

झालं! देवरामनं वाचनाचा वेग कमी केला. स्वल्पविरामाला खोकायचा, पूर्णविरामाला पाणी प्यायचा. एक पान झालं की "आज डोळे दुखतात" म्हणायचा. हळूहळू माणसं गळू लागली. एका संध्याकाळी तर ओटीवर तो आणि कंदील, दोघेच उरले.

कमू हंडा घेऊन विहिरीवरून आली.

"आज कुणीच कसं आलं नाही?" त्यानं विचारलं.

"येऊन काय करतील? तुम्ही कचेरीत असता तेव्हा मी वाचून संपवलं. विहिरीवर सगळ्यांना सांगितलंही."

देवराम उठून उभा राहिला. "संपवलं? कधी?"

"झाले की बरेच दिवस."

"आणि तरी तू गेली नाहीस?" सगळा धीर एकवटून तो म्हणाला, "कमू, मला इथं एकट्याला करमत नाही गं. तू राहा. म्हणजे... तू माझ्यासाठीच राहिलीस ना?"

कमूनं हंडा उतरवला. पदरानं तोंड पुसता पुसता ती हसली.

"आज बोललात खरं! राहीन की. पण आत्तापर्यंत राहिले ती विहिरीवरच्या वादासाठी. डॉक्टर चांगला की वाईट, त्याचा निकालच लागत नाहीये. गोजाबाई म्हणते, शेवटी त्यानं जे केलं ते..."

"सांगू नकोस!" देवराम ओरडला.

कमू तोंडावर हात ठेवून आत गेली. देवराम पुन्हा पुस्तक उघडून बसला. अख्ख्या मोखाड्यात शेवट माहीत नसलेला माणूस आता तो एकटाच होता.