सातव्या यंत्रामागची पाटी

अकरा वाजायच्या आत गौतमीला गणित पन्नास सेकंदांत बसवायचं होतं, आणि दहा चाळीस झाले तरी माडीवरच्या तिच्या पडद्यावर बहात्तरच येत होते.

रिहे गावातल्या तिच्या घरच्या रिकाम्या गोठ्यात कंपनीची आठ यंत्रं जोडून ठेवलेली होती. भूकंपाच्या नोंदींमधून वेगवेगळ्या लाटा सुट्या करायच्या, म्हणजे फूरियर रूपांतर करायचं, आणि आठांनी वाटून घेतल्यावर ते किती लवकर उरकतं हे मोजायचं. आठच हवीत, असं कंपनीतल्या स्वानंदसरांशी भांडून तिनेच ती मागून घेतली होती. आज जमलं तर तिला गावातूनच नोकरी करता येणार होती. नाही तर सोमवारी यंत्रंही पुण्याला आणि बाईसाहेबही.

"आठ जनी मिळून बी बहात्तर?" तिचे वडील गेणबा माडीच्या जिन्यावरून डोकावले.

"बाबा, मधेमधे सगळ्यांनी एकमेकांना आकडे द्यायचे असतात. एक मागं राहिलं की बाकीची सात नुसती बसून राहतात."

"म्हंजी भातलावनीवानी. एक बाई रेंगाळली की समदी वळ थांबती. मग हुडक की ती बाई!"

बाई सापडली. सातवं यंत्र भयंकर तापलं होतं आणि तापलं की ते चाल मंद करत होतं. गौतमी धावत खाली आली. गोठ्याची किल्ली आईच्या कमरेला होती.

"किल्ली कशाला? म्या सकाळीच झाडलंय," सगुणाबाई जरा घाईनेच म्हणाल्या.

दार उघडलं. सातव्या यंत्राच्या पाठीला घट्ट टेकवून पाटी ठेवली होती, पाटीत पेंढा होता आणि पेंढ्यावर बसलेली कोंबडी गौतमीकडे रागाने बघत होती.

"आई!"

"वरडू नगं, बिचकंल ती. हितं ऊब हाय, मुंगसाचं भ्या न्हाई."

"गरम हवा बाहेर पडायची जागा आहे ती! सरकव आधी."

"आज एकविसावा दिस हाय. अंडी टिचकाया लागलीत. पाटी हलायची न्हाई."

गौतमीने हात पुढे केला. कोंबडीने चोच मारून तो फोडला. दहा बावन्न झाले होते.

सातांमध्ये तिच्या गणिताची वाटणी सरळ होत नव्हती. आठ नाही तर थेट चार. रडवेली होऊन ती माडीवर पळाली, तिने पहिल्या चारांवर काम लावलं आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा पडद्यावर चव्वेचाळीस होते.

तेवढ्यात सरांचा फोन वाजला.

"चव्वेचाळीस? शाबास! आठांवर ना?"

"चारांवर, सर. चारांत आकड्यांची देवाणघेवाण कमी होते."

"मग माझ्याशी भांडून आठ कशाला घेतलीस?"

कोंबडीचं नाव घ्यायला तिची जीभ रेटेना. सरांनीच सुस्कारा सोडला. "बरं, तू राहा गावात. चार तिथे ठेव, चार सोमवारी पाठव."

गौतमीने फोन ठेवला, धावत गोठ्यात येऊन आईला मिठीच मारली. पाटीत पहिलं पिल्लू चिवचिवलं.

"चार परत जाणार, आई."

सगुणाबाईंचा चेहरा पडला. "सातवं न्हाई द्यायाचं. आन आठवं बी ऱ्हाऊ दे. तुरेवाली कोंबडी कालधरनं खुडूक हाय, तिलाबी अंड्यांवर बसवायचीय."

गौतमीने मुकाट्याने सरांना लिहिलं, 'एक ते चार पाठवते.'