सुभेदाराचे सांधे

कुत्र्याचं मन ओळखावं तर मीच! बाकीचे नुसते बिस्किटं घालणारे. म्हणून आमची ही जेव्हा आमच्या कुत्र्याबद्दल म्हणाली, "सुभेदार जिन्यात अडखळला. सांधे धरले असतील तर त्याला खालची खोली द्यायची. तुम्ही वर झोपा," तेव्हा मी छाती ठोकून सांगितलं, "अगं, तो माझ्या चपलेला अडखळला! खुशाल तपासून घे. त्याचे सांधे म्हणजे तेल घातलेल्या बिजागऱ्या!"

खालची खोली माझी. माझे गुडघे कुरकुरतात, आणि तो जिना म्हणजे भिंतीला टेकवलेला डोंगर!

धाकटी मेहुणी जनावरांची डॉक्टर. ती म्हणाली, "भावोजी, त्याची सकाळची पहिली लघवी आणा. कुत्रा लंगडायच्या आधीच सांध्यांची झीज त्यात कळते."

"चहा उकळायच्या आत आणतो!"

चहा आटून भांडं करपलं. सुभेदार खांबाशी पाय उचली, मी मागून लांब दांड्याची पळी सरकवी, की पाय खाली! वर माझ्याकडे असा बघे, जणू मीच त्याच्या न्हाणीघराचं दार ढकललंय.

शिंप्यानं दुकानातून विचारलं, "काका, काही हरवलंय?"

"नाही रे, मिळायचंय!"

झालं! तो मागे, त्याच्या मागे अर्धी गल्ली. गर्दी बघून सुभेदार आणखी लाजला. शेवटी मी गुडघ्यांवर आपटलो, तेव्हा कुठे त्याला माझी दया आली. पळी भरली. बाहीही भरली.

निकाल घेऊन मेहुणी नाचतच आली. "झीज सुरू झालीय! अगदी वेळेत सापडली!"

"अगं, आज सकाळी त्यानं कुंपणावरून उडी मारली!"

"तेच तर! दिसायच्या आधी कळलं!"

"आणि माझे गुडघे? ते शिंप्याच्या दुकानापर्यंत ऐकू येतात!"

"तुमचं ऐकूच येतंय ना भावोजी, मग तपासायचं काय?"

मऊ गादी आजाऱ्यासाठी खाली राहिली. मी कठडा धरून, देवाचा धावा करत वर पोचलो, खाटेवर कलंडलो, तोच धडधड धडधड! सुभेदार दोन-दोन पायऱ्या गाळत वर आला, खाटेवर उडी मारून आडवा पसरला.

"अगं, धाव! बघ, कसा चढलाय बघ!"

ती आली. डोळ्यांना पदर लावला.

"सांधे एवढे झिजलेत, तरी तुमच्यासाठी चढला हो बिचारा! आता सरका जरा, त्याला पाय पसरू देत."

मी सरकलो. खाट तिथेच संपत होती!