थांबवून ठेवलेले आप्पा

माधवीनं त्या गुरुवारी एवढंच ठरवलं होतं, की दहा ते अकरा आप्पांचा रेडिओ ऐकायचा आणि अकराला बाळाबरोबर आडवं व्हायचं. बेत साधा होता. घरात तान्हं आलं की साधे बेत किती टिकतात हे आठ महिन्यांत तिला कळायला हवं होतं, पण कळायला डोकं जागेवर लागतं, आणि डोकं जागेवर राहायला झोप लागते. (आठ महिन्यांत ती सलग दोन तास एकदाच झोपली होती. दवाखान्यात, रांगेत, बाकावर. नंबर गेला तो गेलाच.)

आप्पा म्हणजे तिचे वडील आण्णाप्पा. निपाणी–बेळगाव बसवर एकतीस वर्षं कंडक्टर होते. आता घरी बसून बायकोला तिकिटं फाडल्यासारखे हुकूम देत. निपाणीच्या चार पोरांनी ‘पेठेचा आवाज’ नावाचा रेडिओ काढला होता, त्यांनी आप्पांना गप्पा मारायला बोलावलं. हा रेडिओ हवेतनं येत नाही, नेटवरनं येतो. म्हणून तो ऐकायला रेडिओ चालत नाही. हे सासूबाईंना, म्हणजे नागुबाईंना, पटवण्यात दोन दिवस गेले. त्यांनी कपाटावरचा जुना सेट उतरवून, पुसून, नवे सेल घालून तयार ठेवला होता.

माधवीचा नवरा ओमकार बेळगावच्या खडेबाजारात मोबाइलच्या दुकानात कामाला, म्हणजे घरातला तज्ज्ञ. बुधवारी संध्याकाळी त्यानं तिच्या फोनवर रेडिओचं पान उघडून दाखवलं. वर दुसऱ्या दिवशीचे कार्यक्रम होते. दहाला ‘आमचा पाहुणा’, बाराला जनावरांच्या डॉक्टरांशी थेट गप्पा, पुढं गाणी आणि निरोप. खाली ‘ऐका’ म्हणून एकच बटण असेल असं माधवीला वाटलेलं. तिथं यादी होती. एमपी थ्री एकशे अठ्ठावीस, एमपी थ्री चौसष्ट, एएसी बत्तीस. आकडा मोठा म्हणजे मार्क जास्त, असं शाळेत शिकल्याप्रमाणं तिनं एकशे अठ्ठावीसवर बोट ठेवलं.

ओमकार म्हणाला, तसं नसतं. आकडा मोठा तेवढा आवाज गोड, पण नेट दमतं. ते दमलंच. पडद्यावर एक गोल चक्र फिरायला लागलं, ते बाळाला इतकं आवडलं की त्यानं ते चाटलं. मग बत्तीस लावून बघितलं. ते न थांबता चाललं, पण निवेदक घागरीत तोंड घालून बोलत होता. आप्पांना घागरीत घालायची माधवीची तयारी नव्हती. शेवटी चौसष्टवर तडजोड झाली.

मग प्लेअर. पानावरचाच प्लेअर बरा वाटला, पण फोनचा पडदा विझला की तोही गप. दुसरा दर पाच मिनिटांनी दागिन्यांची कानडी जाहिरात अशा जोरात लावायचा, की पहिल्या जाहिरातीला बाळ उठलं आणि दुसरीला शेजारचं कुत्रं. तिसऱ्यात लिंक स्वतः नेऊन चिकटवावी लागली, पण तो गुणी निघाला. पडदा विझला तरी चालू. आणि त्याला थांबवून पुन्हा लावलं, तर जिथं थांबवला त्याच शब्दापासनं पुढं.

“एक शब्द सांडत न्हाय,” ओमकार अभिमानानं म्हणाला. “आणि कोपऱ्यात हे ‘लाइव्ह’ लिवलंय न्हवं, ते दाबलं की...”

तेवढ्यात बाळानं भोकाड पसरलं, आणि पुढचं तिला तुकड्यातुकड्यानं ऐकू आलं. ओमकारनं चिठ्ठी लिहून फ्रिजवर चिकटवली : चौसष्ट. तिसरा प्लेअर. कशाला हात लावू नको.

गुरुवारी दहाला घरात सात बायका होत्या. म्हणजे सहा होत्या आणि मनुबाई यायची होती. आप्पांनी फोनवर सांगितलं होतं, की विहीणबाईंचं नाव रेडिओवर घेणार, आणि नागुबाईंनी ते गिरणीपासून दूध डेअरीपर्यंत पोचवलं होतं. ओमकार दुकानात गेला होता. फोनची जबाबदारी माधवीवर. बाळ कडेवर, फोन डब्यावर, डोळे अर्धे मिटलेले.

आप्पा “नमस्कार” म्हणाले आणि नागुबाई म्हणाल्या, “थांबीव.”

मनुबाई आली नव्हती. बोलावलेल्या बाईला सोडून सुरू केलं, तर ती ते दिवाळीपर्यंत बोलून दाखवते. माधवीनं आप्पांना थांबवलं. मनुबाई वीस मिनिटांनी, केसांना तेल लावून आली. आप्पा पुढं सुरू झाले, नमस्कारानंतर लगेच, एक शब्द न सांडता. बायकांनी प्लेअरचं कौतुक केलं.

मग चहा आला. व्याहीबुवा बोलायलेत आणि आपण भुरके मारत बसायचं, हे नागुबाईंना बरं दिसेना. थांबीव. मग भाजीवाला आला, थांबीव. मग बाळानं करायचं ते केलं, थांबीव. मग भाजीवाल्याची मेथी जून निघाली म्हणून त्याला गल्लीच्या टोकाहून परत बोलावलं, थांबीव. त्यावर भांडण झालं आणि भांडणावर पुन्हा चहा. आप्पांच्या गोष्टीत एक म्हातारी कोंबडी घेऊन संकेश्वरच्या स्टँडवर बसमध्ये चढली होती, ती पाऊण तास पायरीवरच उभी राहिली. (एकतीस वर्षांत आप्पांनी कुठली गाडी इतकी थांबवली नव्हती.)

घड्याळाकडं कुणीच बघत नव्हतं. माधवी बघत होती, पण ती फक्त आपली झोप कुठवर गेली ते बघत होती.

बाराला पाच कमी असताना आप्पा घरच्या गोष्टींवर आले. आपली लेक पिरनवाडीला दिलीय, म्हणाले, विहीणबाई नागुबाई फार मायाळू. बायकांनी नागुबाईंकडं बघितलं. नागुबाईंनी पदर सारखा केला. आणि मग आप्पा त्याच दमात म्हणाले, पण बाळ झाल्यापासनं पोरगी लई वाळलीय हो, गळ्याची हाडं मोजून घ्यावीत.

बायकांनी आता माधवीच्या गळ्याकडं बघितलं. शेजारची मालुबाई तर पुढं वाकली.

“आम्ही खायला घालत न्हाय व्हय?” नागुबाई फोनला म्हणाल्या. फोन काय बोलणार. पण निवेदक बोलला : श्रोत्यांनो, पाहुणे अजून पंधरा मिनिटं इथंच आहेत, काही विचारायचं तर फोन करा. आणि त्यानं नंबर सांगितला. नागुबाईंनी तो दोनदा थांबवून लिहून घेतला, आप्पांना तसंच थांबवून ठेवलं आणि आपला बटणांचा फोन काढला. तोवर बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. बारा वेळा एंगेज लागला, तेराव्यांदा लागला. त्यांचा फोन नेहमी मोठ्या आवाजावरच असतो, कारण बारीक कुठनं होतो ते कुणी दाखवलेलं नाही.

“बोला आक्का, डॉक्टर ऐकतायत,” पलीकडनं निवेदक म्हणाला.

नागुबाईंनी बायकांकडं वळून सांगितलं, “डाक्टर पण बसवलेत गं.” आप्पांशी भांडण्यापेक्षा डॉक्टरचा शब्द बरा, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. “डाक्टर, पिरनवाडीची नागुबाई हाय मी. आमच्या घरी एकजण हाय. आठ महिने झाले. चांगलं पोटभर घालतो, पण अंगाला लागंना. लोकं आम्हाला नावं ठेवायलेत.”

सून हा शब्द त्या बोलल्या नाहीत. घरातल्या बाईचं बाळंतपण बाहेरच्या पुरुषासमोर नाव घेऊन सांगायचं नसतं.

“पहिलंच का?”

“पहिलंच.”

“नर का मादी?”

नागुबाईंना शब्द खटकला. शिकलेली माणसं असंच बोलत असतील. “नर,” त्या म्हणाल्या.

“असू दे, वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या वेळी मादी होईल.”

या नरासाठी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते, त्यामुळं सातही बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. माधवीची झोप मात्र उडाली. काल बघितलेली यादी तिच्या डोळ्यांपुढं आली. दहाला पाहुणा. बाराला जनावरांचे डॉक्टर. आप्पा केव्हाच घरी जाऊन जेवायला बसले असणार. इथं डब्यावर ते दीड तास मागनं येत होते.

“आत्ती, ते डॉक्टर...” तिनं सासूबाईंना सांगायला घेतलं.

“तू गप. डाक्टर बोलायलेत.”

डॉक्टर विचारत होते, कुठनं आणली. नागुबाईंनी निपाणीकडची म्हणून सांगितलं. त्या बाजूच्या कष्टाळू असतात, डॉक्टर म्हणाले, आणि बायकांनी माना डोलावल्या.

“लाथबिथ मारते का?”

“न्हाय. अजून तरी न्हाय.”

“तोंड चालू असतं ना दिवसभर?”

“तोंडाची तक्रार न्हाय, डाक्टर.”

“मग घाबरू नका. ती आजारी नाही, आक्का, ती दमलीय. गूळपाणी द्या, मेथी शिजवून द्या. पिलाला चोवीस तास तिला लुचू देऊ नका, पाजायच्या वेळी सोडा, एरवी लांब ठेवा. आणि दुपारचे तीन तास अंधाऱ्या, गार जागेत निवांत पडू द्या. कुणी हाक मारायची नाही. आठ दिवसांत फरक दिसेल.”

माधवीनं खरं सांगायला तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं. आठ महिन्यांत तिला कुणी ‘दमलीय’ म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा म्हटलं ते जनावरांच्या डॉक्टरनं, आणि तेही कुठल्याशा म्हशीला. पण शब्द कानावर पडला तो पडलाच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बघून नागुबाईसुद्धा जरा मऊ झाल्या.

पाच मिनिटांत बाळ मालुबाईच्या मांडीवर गेलं, माधवीच्या हातात गूळपाण्याचा तांब्या आला, आणि आतल्या खोलीची खिडकी चादर लावून बंद झाली. बाहेर नागुबाईंनी आप्पांना पुन्हा सुरू केलं, राहिलेलं ऐकायला.

अंधार होता. पंखा होता. कुणी हाक मारत नव्हतं. आणि माधवीला झोप येत नव्हती.

कारण ती हिशेब करत होती. आप्पांची पंधरा मिनिटं. मग गाणी. मग बारा वाजणार, रेडिओतले बारा, आणि मग ते डॉक्टर येणार, आणि मग त्या डॉक्टरला नागुबाईंचा फोन येणार, सात बायकांच्या देखत, आधी म्हशींच्या खुरांवर माहिती सांगून झाल्यावर. खरं काय ते आप्पांच्या बससारखं होतं. लेट होतं, पण स्टँड घेत घेत येतच होतं. कड बदलून बघितली. गूळपाणी संपवलं. तासभर ती अशी पडून होती आणि उठून काम केल्यापेक्षा जास्त दमली.

मग तिला कोपऱ्यातलं ‘लाइव्ह’ आठवलं. ते दाबलं की गाडी मधले सगळे थांबे सोडून एकदम आताच्या वेळेला येते, असंच काहीतरी ओमकार बाळाच्या रडण्यातनं सांगत होता. म्हणजे डॉक्टर, खुरं, नागुबाई, सगळं मागं राहील. बाहेर बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली. जनावरांच्या कार्यक्रमाची सुरुवात. माधवी उठली, पाणी प्यायला आल्यासारखी बाहेर आली, आणि जाता जाता तिनं ‘लाइव्ह’ दाबलं.

घंटा थांबली. निवेदक हसत होता.

“...आणि खडेबाजारातनं ओमकार यांचा निरोप आलाय. ते कळवतात, मघाशी पिरनवाडीहून त्यांच्या आईचा फोन आला होता, तो म्हशीबद्दल नव्हता. ती त्यांची बायको आहे. आम्ही डॉक्टरांना लगेच फोन करून विचारलं, श्रोतेहो. डॉक्टर म्हणाले, सल्ला तोच.”

मालुबाईचे खांदे हलायला लागले, आणि मांडीवरचा नर त्याबरोबर वरखाली व्हायला लागला. नागुबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी फोनकडं बघितलं, मग माधवीच्या बोटाकडं बघितलं. ते अजून बटणावरच होतं.

“तुला ठावं होतं,” त्या म्हणाल्या.

माधवीनं बोट काढून घेतलं.

“म्हशीला असली बटणं कळत न्हाईत, माधवी. अंधारातनं उठून, वेळ बघून, बरोबर दाबलंस. म्हंजे गुण आला म्हणायचा.” त्यांनी पदर खोचला. “आता उठलीच हाईस तर कप विसळ.”

दोन चहांचे सोळा कप होते.

संध्याकाळी ओमकार आला तो दारातच अंदाज घेत उभा राहिला. आईचा मान राखायला निरोप पाठवला, म्हणाला, दुकानात रेडिओ लावलेला, गिऱ्हाईकं हसायला लागली होती. माधवीला भांडायचं होतं, पण भांडायला उभं राहावं लागतं. त्यानं विषय बदलला.

“ते ऱ्हाऊ दे. प्लेअर कुठला बरा पडला?”

“पहिला,” माधवी म्हणाली.

“तो? तो तर पडदा विझला की बंद पडतोय.”

“म्हणूनच.”

ओमकारला वाटलं, ती फोनबद्दलच बोलतेय. तो म्हणाला, तेवढंच पाहिजे असेल तर तिसऱ्यातही सेटिंग असतं, वेळ लावून ठेवली की आपोआप झोपतो. आणि तो कौतुकानं तिला ते दाखवायला लागला. पंधरा मिनिटं, तीस मिनिटं, एक तास. माधवी भिंतीला टेकून ते आकडे बघत राहिली. तिनं एक तासावर बोट ठेवलं, डोळे मिटले, आणि आतनं बाळ सुरू झालं. एकशे अठ्ठावीस, थेट प्रक्षेपण, चक्र कुठंही अडकत नव्हतं.

“थांबीव त्याला,” नागुबाई स्वयंपाकघरातनं म्हणाल्या.