जुनं ते सरकेल

वेबसाइट बनवण्यात माझा हात धरणारं आमच्या अख्ख्या घरात कोणी नाही. घरात दुसरं कोणी वेबसाइट बनवत नाही, ही गोष्ट वेगळी.

माझ्या थोरल्या नणंदबाई डोळ्यांच्या डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यात अपॉइंटमेंटची एक जाडजूड वही होती. एकेका वेळेपुढे तीन-तीन नावं, खाडाखोड, वर बाण, खाली बाण. त्या म्हणाल्या, यातून सोडव गं बाई मला. मी म्हटलं, ताई, आठ दिवस द्या, वहीचं नाव काढणार नाही तुम्ही.

माझी पद्धत आधी समजून घ्या. बाकीचे लोक प्रोग्रामला एकेक पायरी सांगत बसतात: हे नाव इथून उचल, तिथे ठेव, मग त्याला कळव. मी नाही असले लाड करत. मी फक्त नियम सांगते. एका वेळी एकच पेशंट. ऑपरेशनं मंगळवारी सकाळीच, आणि तीनच. ताईंची जेवणाची वेळ मोकळी. एवढं कायम खरं राहिलं पाहिजे, कसं जमवायचं ते तुझं तू बघ! आणि दोन नावं एकाच जागेवर आली तर? ज्या नोंदीला सगळ्यात जास्त दिवस कोणी हात लावलेला नाही, ती सरकेल. माणसाने नुकतंच सांगितलेलं तेच त्याच्या मनातलं, एवढा साधा विचार.

पान पहिल्यांदा चाललं तेव्हा मी आ वासून बघत राहिले. एक नाव हलवलं की सत्तावीस नावं सरसर सरकून आपापल्या जागी जाऊन बसायची, आणि कोणाचा कोणाला धक्का नाही. हे माझ्या हातून झालंय यावर माझाच विश्वास बसेना. नवऱ्याला स्वयंपाकघरातून ओढून आणलं. तो छान आहे म्हणाला आणि दूध बघायला परत पळाला.

पहिली नोंद अर्थातच बाबांची केली. बाबा म्हणजे माझे सासरे. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, डाव्याची तऱ्हा त्याहून फारशी बरी नाही. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर दर रविवारी त्यांना बुद्धिबळात हरवायचे, आणि उंट प्यादं वाटला म्हणून हरलो, असं बाबा दर रविवारी सांगायचे. आता पोस्टमास्तर कायमचे लेकीकडे राहायला निघाले होते. शेवटचा एक डाव उरला होता, येत्या रविवारचा. त्याआधी, म्हणजे मंगळवारी, बाबांचा डोळा व्हायलाच हवा होता. एकदा नीट दिसू दे, मग त्याला दाखवतो, असं ते महिनाभर जेवताना म्हणत होते.

मंगळवारी सकाळी साडेआठला आम्ही दवाखान्यात हजर. रिसेप्शनवरच्या बाईंनी पडद्यावर पाहिलं आणि म्हणाल्या, यांचं नाव आज नाही. मग कधी? त्या यादी खाली सरकवत गेल्या, सरकवत गेल्या, आणि पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये थांबल्या.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबांची नोंद सगळ्यात पहिली, म्हणजे सगळ्यात जुनी! ज्याने ज्याने मंगळवार मागितला, त्याच्यासाठी बाबाच सरकले होते, मुकाट्याने, एकेक आठवडा. दर वेळी मेसेजही गेला होता, आणि बाबांच्या फोनवर ते सगळे न उघडता पडून होते.

मी म्हटलं, त्यात काय, हाताने बदलते. बाबांना आज दहाची वेळ दिली. आता बाबा सगळ्यात ताजे. पण मग सरकले ते समोरच्याच खुर्चीत बसलेले बेकरीवाले. त्यांच्या लेकीच्या फोनवर मेसेज वाजला, तिने त्यातल्या लिंकवर बोट लावून तिथल्या तिथे वडिलांना परत आज आणलं. त्याबरोबर आजच्याच यादीतल्या, गाणं शिकवणाऱ्या बाई पुढच्या महिन्यात गेल्या. त्यांची सून काय गप्प बसते! तिने बोट लावलं आणि एक ड्रायव्हर उडाले. त्यांच्या बायकोने लावलं आणि बाबा पुन्हा मार्चमध्ये. पुढच्या मंगळवारचे लोक घरी बसून हलायला लागले, त्यांचे फोन वेगळेच. रिसेप्शनवरच्या बाईंनी दोन्ही कानांना दोन फोन लावले.

आणि मी? मान वर करून भिंतीवरच्या पडद्याकडे बघत उभी होते. खोटं कशाला सांगू, मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटत होते. एवढ्या ओढाताणीत एका क्षणालाही दोन नावं एका जागी आली नाहीत. तिनाची चार ऑपरेशनं झाली नाहीत. ताईंचं जेवण मिनिटभरसुद्धा हललं नाही. नियम म्हणजे नियम!

भानावर आले ती रिसेप्शनवरच्या बाईंनी सासरे कुठे गेले म्हणून विचारल्यावर. बाबांची खुर्ची रिकामी होती.

धावत आत गेले. आतल्या सिस्टरनी पुढचे या म्हणून हाक मारली होती. बाकी सगळे फोनमध्ये. बाबा तेवढे उठले आणि भिंतीला हात लावत सरळ आत गेले होते. डोक्यावर हिरवी टोपी, पोटावर हात, टेबलावर आडवे. नणंदबाई मास्क लावून शेजारी उभ्या.

"बाबा, आजच्या यादीत तुमचं नाव नाहीये."

"यादी दिसत असती, तर इथे आलो कशाला असतो?"

नणंदबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेबद्दल मी काही लिहिणार नाही. मग त्यांनी पडद्याची वायर उपटायला सांगितली, वही मागवली, आणि त्या दिवशी चार ऑपरेशनं केली. जेवल्या साडेचारला. माझे नियम एकामागून एक मोडत गेल्या आणि सगळ्यांचं काम झालं. मी त्याच्याकडेही थक्क होऊन बघत बसले. जाताना म्हणाल्या, रविवारी घरी येते, कुठे चुकलं ते मला नीट समजावून सांग.

रविवारी बाबा काळा चष्मा लावून डावाला बसले. हत्ती हत्ती दिसत होता, घोडा घोडा. वीस मिनिटांत हरले. पोस्टमास्तरांनी हात मिळवला, सांभाळून राहा म्हणाले आणि गेले.

बाबांनी पटावरचा उंट उचलून हातात फिरवला. मला राहवेना.

"बाबा, उंट नीट दिसत होता ना?"

"लख्ख दिसत होता गं. तीच तर पंचाईत आहे. आता लोकांना सांगू काय?"

खाली नणंदबाईंची गाडी थांबल्याचा आवाज आला. मी गुपचूप बाबांच्या शेजारी जाऊन बसले, आणि आम्ही दोघं मिळून विचार करू लागलो.