भावकीच्या उसाची क्वेरी

"क्वेरी कोणतीही असो, मला द्या. पळवून दाखवते!" साखर कारखान्याचे शेतकी अधिकारी मोहनराव यांना मी ठणकावून सांगितलं. एरवी मी फार बोलत नाही. संख्याशास्त्रात एमएस्सी आहे. बोलायचं काम आकड्यांवर सोडते. त्या दिवशी तेवढं तोंड उघडलं आणि फसले!

आमच्या कारखान्याच्या साइटवर प्रत्येक शेतकऱ्याची ऊस लावल्याची नोंद आणि ऊसतोडीच्या रांगेतला नंबर कुणालाही दिसतो. गाळप सुरू झालं की सकाळी आठला साइट पंगतीला बसलेल्या व्याह्यासारखी व्हायची. हलायचीच नाही!

"म्याडम, शनिवारपर्यंत साइट पळाली तर तुमी कायम," मोहनराव म्हणाले. "न्हाई पळाली तर पुण्याची कंपनी तयारच हाय."

माझा नोकरीतला तीन महिन्यांचा उमेदवारीचा काळ संपत आला होता. मी कामाला लागले. डेटाबेसला विचारलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे क्वेरी. सगळ्या एकदम सुधारता येत नाहीत. सगळ्यांत जास्त वेळ खाणारी आधी धरायची. आता, शेतकऱ्याला काय बघायचं असणार? स्वतःचा नंबर! यात मोजायचं काय? ती क्वेरी मी दोन दिवसांत विजेसारखी केली.

साइट पुन्हा आठला झोपली.

मग कोण कुणाचा नंबर बघतं, याच्या नोंदी मुकाट्याने मोजल्या. मुंजाजी नावाच्या शेतकऱ्याने हंगामात स्वतःचा नंबर एकदा पाहिला होता. चुलतभाऊ उत्तरेश्वरचा सहाशे बारा वेळा! उत्तरेश्वरने मुंजाजीचा सातशे चार वेळा! बाकी गावही त्याच माळेतलं. सगळे भावकीचा ऊस बघत होते!

म्हणजे प्राधान्य ठरलं. शुक्रवारी भावकीची क्वेरी मी पाव सेकंदावर आणली.

शनिवारी आठला साइट पळाली. नऊला गाव पळत ऑफिसात आलं!

"मपला ऊस आदुगर लावला, मंग ह्याचा नंबर आदुगर कावून?" मुंजाजी गरजला.

"लावला कवा बे तू?" उत्तरेश्वर उसळला. "गेल्या सालच्या तोडलेल्या उसाच्या बुडख्यांला पानी सोडलं, अन् म्हनं नवी लागण!"

"तुला कुनी सांगितलं?"

"साइटवर हाय की सगळं! आता लई झटक्यात दिसतंय!"

अशा चाळीस जोड्या. मोहनराव फायलींच्या कपाटामागे उभे होते.

"म्याडम," ते तिथून कुजबुजले, "ते चाक फिरायचं ना साइटवर? ते बघून बघून मानूस दमायचा, अन् म्हशीला पानी पाजायला जायचा. चाक परत आना!"

"मग दुसऱ्याचा नंबर दाखवणंच बंद करू?"

"येड्या का काय! लपवलं म्हनून मोर्चा येईल. दिसू द्या. पन लौकर नका दिसू देऊ!"

तासाभरात केलं. स्वतःचा नंबर लगेच. भावकीचा विचारला की चाक दीड मिनिट नुसतंच फिरतं. डेटाबेस मागे पाय पसरून निवांत.

दुपारी मुंजाजीचा फोन. "म्याडम, साइट बिगडली का?"

"लोड आहे," मी म्हणाले. जन्मात पहिल्यांदा आकड्याशिवाय विधान केलं!

सोमवारी पत्र हातात पडलं: 'संकेतस्थळाची गती समाधानकारकरीत्या कमी केल्याबद्दल आपणांस सेवेत कायम करण्यात येत आहे.'

बायोडेटात हे कुठल्या रकान्यात लिहितात, कुणाला ठाऊक असेल तर कृपया कळवा!